लीग कोणाची? मालकांची, मंडळाची की खेळाडूंची?

विशेष प्रतिनिधी

सावदा (जि. जळगाव) : अबुधाबी येथे १६ डिसेंबर २०२५ रोजी झालेल्या आयपीएलच्या लिलावात ऑस्ट्रेलियाचा अष्टपैलू कॅमेरून ग्रीन याच्यावर कोलकाता नाइट रायडर्सने २५ कोटी २० लाख रुपयांची बोली लावली. वृत्तपत्रांच्या मथळ्यांत आणि दूरचित्रवाणीच्या पडद्यावर हाच आकडा झळकला. प्रत्यक्षात ग्रीनच्या वाट्याला येणारी रक्कम होती १८ कोटी. उरलेले ७ कोटी २० लाख रुपये नियमानुसार भारतीय क्रिकेट नियामक मंडळाच्या खेळाडू कल्याण निधीकडे वळते झाले. माल एकाचा, पैसे मोजणारा दुसरा आणि मधला वाटा तिसऱ्याचा, असा हा व्यवहार आहे.

हा नियम सर्वस्वी अन्यायकारक आहे, असे म्हणता येणार नाही. काही परदेशी खेळाडू मोठ्या लिलावाकडे पाठ फिरवतात आणि स्पर्धा कमी असलेल्या छोट्या लिलावात चढा भाव मिळवतात, ही संघमालकांची तक्रार होती. डिसेंबर २०२३ च्या छोट्या लिलावात मिचेल स्टार्कला २४ कोटी ७५ लाख, तर पॅट कमिन्सला २० कोटी ५० लाख रुपये मिळाले, तेव्हा या तक्रारीला धार आली. २०२४ मध्ये मंडळ व संघमालक यांच्यात विचारविनिमय झाला आणि परदेशी खेळाडूंच्या मानधनावर छोट्या लिलावापुरती कमाल मर्यादा आली. प्रश्न नियमाच्या गुणदोषांचा नसून तो करणाऱ्यांचा आहे. ज्यांच्या मानधनाला कात्री लागणार होती, त्यांच्यासाठी त्या चर्चेत खुर्ची होती काय? तर नव्हती. व्यावसायिक खेळातील नियामक, मालक आणि खेळाडू या तीन घटकांचे नाते समजून घ्यायचे असेल, तर या एका प्रश्नापासून सुरुवात करणे सोयीचे ठरेल.

आयुक्त हा शब्द आला कोठून?

लीगला आयुक्त असावा, ही कल्पना मूळची अमेरिकेची. १९१९ च्या बेसबॉल अंतिम मालिकेतील सामनानिश्चितीच्या प्रकरणामुळे खेळावरचा लोकांचा विश्वास उडू लागला, तेव्हा संघमालकांनी केनेसॉ माउंटन लँडिस या न्यायाधीशांना आयुक्त नेमले. न्यायालयाने १९२१ मध्ये निर्दोष सोडलेल्या आठ खेळाडूंना लँडिस यांनी आजन्म खेळाबाहेर काढले. मालकांनीच नेमलेला, पण खेळाच्या हितासाठी सर्वांवर अधिकार चालवणारा पंच, अशी या पदाची ओळख तेव्हापासून रूढ झाली.

तथापि या पंचाचा चाबूक दीर्घकाळ खेळाडूंच्याच पाठीवर पडत राहिला. करार संपल्यावरही खेळाडू जुन्याच मालकाशी बांधलेला राही. कर्ट फ्लड या खेळाडूने १९६९ मध्ये आपली परस्पर बदली नाकारली आणि तो न्यायालयात गेला. १९७२ मध्ये तो हरला. मात्र १९६६ पासून मार्विन मिलर यांच्या नेतृत्वाखाली तेथील खेळाडूंची संघटना कामगार संघटनेच्या धर्तीवर बळकट होत होती. १९७५ च्या डिसेंबरमध्ये लवादाच्या निवाड्याने हे बंधन तुटले. आज अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये खेळाशी निगडित उत्पन्नाचा साधारण निम्मा वाटा खेळाडूंना मिळतो. तो मालकांच्या औदार्यातून आलेला नाही, सामूहिक करारातून आलेला आहे. त्याच लीगचे आयुक्त अॅडम सिल्व्हर यांनी २०१४ मध्ये वर्णद्वेषी उद्गारांबद्दल डोनाल्ड स्टर्लिंग या संघमालकावरच तहहयात बंदी घातली. अर्थात, आयुक्ताची नेमणूक मालक करीत असले तरी समोर खेळाडूंची भक्कम संघटना उभी असेल, तर त्याला मालकाचाही कान धरावा लागतो.

भारतीय अवतार

भारतात 'लीग आयुक्त' हा शब्द लोकांच्या तोंडी आला तो २००८ मध्ये, ललित मोदी यांच्यामुळे. परंतु येथे रचनाच उलटी होती. अमेरिकेत मालक एकत्र येऊन लीग चालवतात आणि आयुक्त नेमतात. येथे लीग मंडळाच्या मालकीची आणि आयुक्त हा मंडळाचाच पदाधिकारी. संघमालकांनी विकत घेतले ते लीगमध्ये संघ चालवण्याचे हक्क. २४ जानेवारी २००८ रोजी आठ संघांचे हक्क सुमारे ७२ कोटी ३५ लाख डॉलरना विकले गेले. त्यात मुंबईच्या संघाची किंमत सर्वाधिक, म्हणजे ११ कोटी १९ लाख डॉलर होती. पुढच्याच महिन्यात २० फेब्रुवारीला मुंबईत खेळाडूंचा लिलाव झाला आणि महेंद्रसिंग धोनीला चेन्नईने १५ लाख डॉलरना घेतले.

या लीगच्या जन्माआधी आणखी एक घटना घडली होती, तिचे विस्मरण होता कामा नये. २००७ मध्ये सुभाष चंद्रा यांच्या झी समूहाने इंडियन क्रिकेट लीग सुरू केली, तेव्हा तीत गेलेल्या खेळाडूंना मंडळाने देशांतर्गत क्रिकेटचे दरवाजे बंद केले. अंबाती रायुडूसारख्या तरुण खेळाडूंना परतीसाठी २००९ च्या माफीची वाट पाहावी लागली. खेळाडूला दुसरा गिऱ्हाईक मिळू द्यायचा नाही, हा या बाजाराचा पाया असा घातला गेला. स्पर्धा आयोगाने २०१३ मध्ये आणि अपिलात तो आदेश रद्द झाल्यावर फेरविचारांती पुन्हा २०१७ मध्ये, वर्चस्वाचा गैरवापर केल्याबद्दल मंडळाला ५२ कोटी २४ लाख रुपयांचा दंड ठोठावला, तो याच वृत्तीवर बोट ठेवून.

आपल्याकडच्या केळी उत्पादकाला हे गणित समजावून सांगावे लागत नाही. रावेर, सावदा, फैजपूर या पट्ट्यात केळीचा भाव जाहीर होतो. पण घड कापणीला आले की बागेत उभा असलेला व्यापारी सांगेल तो भाव, अशी उत्पादकांची जुनी तक्रार आहे. घड थांबू शकत नाहीत, हे दोघांनाही ठाऊक असते. खेळाडूची उमेदही अशीच मोजक्या वर्षांची असते. गिऱ्हाईक एकच असले आणि माल नाशवंत असला, की भाव कोण ठरवणार हे उघड आहे.

पंच आणि मालक एकच

सप्टेंबर २००८ मध्ये मंडळाने आपल्या नियमावलीतील ६.२.४ या कलमात दुरुस्ती केली. मंडळाच्या पदाधिकाऱ्यांना मंडळाच्या स्पर्धांमध्ये व्यापारी हितसंबंध ठेवता येणार नाहीत, या तत्त्वातून आयपीएल वगळण्यात आली. त्यामुळे चेन्नईच्या संघाची मालकी असलेल्या इंडिया सिमेंट्सचे प्रमुख एन. श्रीनिवासन मंडळाचे सचिव आणि पुढे अध्यक्षही होऊ शकले. नियम करणारा, नियम पाळणारा आणि नियमभंगाची चौकशी करणारा असे तिघे एकाच व्यक्तीत एकवटले.

दरम्यान ललित मोदी आणि मंडळ यांचे बिनसले. कोचीच्या संघात कोणाची किती भागी, हे मोदी यांनी एप्रिल २०१० मध्ये ट्विटरवरून जाहीर केले. त्यातून केंद्रीय राज्यमंत्री शशी थरूर यांना राजीनामा द्यावा लागला आणि त्याच महिन्यात अंतिम सामना आटोपताच खुद्द मोदी निलंबित झाले. सप्टेंबर २०१३ मध्ये मंडळाने त्यांच्यावर आजीव बंदी घातली.

त्याच २०१३ च्या मे महिन्यात स्पॉट फिक्सिंगचे प्रकरण फुटले. श्रीशांत, अजित चंडिला आणि मुंबईकर अंकित चव्हाण या राजस्थानच्या तीन खेळाडूंना दिल्ली पोलिसांनी अटक केली. पाठोपाठ श्रीनिवासन यांचे जावई गुरुनाथ मय्यप्पन यांना सट्टेबाजीच्या आरोपावरून मुंबई पोलिसांनी ताब्यात घेतले. मंडळाने नेमलेली चौकशी समिती बेकायदा असल्याचा निर्वाळा मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २२ जानेवारी २०१५ रोजी न्यायालयाने ६.२.४ मधील ती दुरुस्ती रद्दबातल ठरवली. न्या. लोढा समितीने जुलै २०१५ मध्ये चेन्नई व राजस्थान या संघांच्या मालक कंपन्यांना दोन वर्षांसाठी निलंबित केले.

येथे एका गोष्टीची नोंद घ्यायला हवी. दिल्लीच्या न्यायालयाने जुलै २०१५ मध्ये तिन्ही खेळाडूंना आरोपमुक्त केले. मंडळाची आजीव बंदी मात्र कायम राहिली. श्रीशांतची बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रद्द करून शिक्षेचा फेरविचार करण्यास सांगितले आणि मग ती सात वर्षांवर आली. चव्हाणला मोकळीक मिळायला २०२१ उजाडले. खेळाची शिस्त आणि फौजदारी न्याय यांचे निकष वेगळे असतात, हे मान्य. पण दोन वर्षांनी संघ परत आले. खेळाडूंची उमेदीची वर्षे परत आली नाहीत.

भांडण थोरांचे, नुकसान धाकट्यांचे

मंडळ आणि संघमालक यांच्यातील भांडणांचाही इतिहास मोठा आहे. कोचीचा संघ एकच हंगाम खेळला. बँक हमीच्या वादातून मंडळाने सप्टेंबर २०११ मध्ये त्याचा करार संपवला. लवादाने २०१५ मध्ये मालकांच्या बाजूने कौल दिला आणि जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ५३८ कोटींहून अधिक रकमेचे ते निवाडे कायम केले. हैदराबादच्या डेक्कन चार्जर्सचा करार २०१२ मध्ये संपुष्टात आला. तेथे लवादाने २०२० मध्ये मंडळाविरुद्ध सुमारे ४,८०० कोटींचा निवाडा दिला. परंतु जून २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने तो रद्द केला. पुण्याच्या संघासाठी २०१० मध्ये ३७ कोटी डॉलर मोजणाऱ्या सहारा समूहाने २०१३ मध्ये अंग काढून घेतले आणि गहुंजेच्या मैदानाला त्या संघाची ओळख मिळते न मिळते तोच संघ इतिहासजमा झाला.

मालकांकडे वकील आहेत, लवादाची कलमे आहेत आणि दहा-चौदा वर्षे थांबण्याची ताकद आहे. खेळाडूकडे काय आहे? कोचीकडून खेळलेला ऑस्ट्रेलियाचा ब्रॅड हॉज याने २०२१ मध्ये जाहीरपणे सांगितले, की त्या हंगामातील मानधनाचा ३५ टक्के भाग खेळाडूंना दहा वर्षांनंतरही मिळालेला नाही.

खेळाडूने नियम मोडला, की कारवाई विजेच्या वेगाने होते. करार संपल्यानंतर दुसऱ्या संघाशी बोलणी केली म्हणून रवींद्र जडेजाला २०१० च्या संपूर्ण हंगामास मुकावे लागले. लिलावात विकला गेल्यावर माघार घेतली म्हणून इंग्लंडच्या हॅरी ब्रूकवर २०२५ मध्ये दोन वर्षांची बंदी आली. याच्या उलट, जानेवारी २०२६ मध्ये मंडळाच्या सूचनेवरून कोलकात्याने बांगलादेशाच्या मुस्तफिझूर रहमानला संघातून मुक्त केले. ९ कोटी २० लाखांना घेतलेल्या या खेळाडूचा क्रीडाविषयक कोणताही दोष नव्हता. दोन देशांमधील ताणतणाव आड आला. खेळाडूने करार मोडला तर ती बेशिस्त आणि लीगने मोडला तर तो धोरणात्मक निर्णय!

चित्राची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. आयपीएलने शेकडो खेळाडूंच्या घरी समृद्धी आणली, हे निर्विवाद आहे. रणजी सामन्यांवर गुजराण करणाऱ्या पिढीला जे स्वप्नातही दिसले नसते, ते आज विशीतल्या मुलाला एका दुपारी मिळते. ऋषभ पंतवर नोव्हेंबर २०२४ मध्ये २७ कोटींची बोली लागली. संघबदलासाठी खेळाडूची संमती घेण्याची पद्धत आहे. २०२५ च्या हंगामापासून प्रत्येक सामन्यासाठी साडेसात लाख रुपये वेगळे मिळू लागले. तरीही एकूण हिशेब मांडला, की चित्र बदलते. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटींना विकले गेले, म्हणजे वर्षाला सरासरी ९,६७८ कोटी. २०२५ साठी एका संघाची मानधनाची एकूण मर्यादा १४६ कोटी, म्हणजे दहा संघांची १,४६० कोटी. केवळ प्रक्षेपणाच्या उत्पन्नाशी तुलना केली तरी हे प्रमाण जेमतेम १५ टक्के भरते. तिकिटे, प्रायोजक आणि संघांची वाढलेली किंमत यात धरलेलीच नाही. कमाल मर्यादा ठरवणारे दोघे आहेत आणि ती पाळणारा तिसरा.

कबड्डी आणि फुटबॉलची वाट

क्रिकेटचे मंडळ श्रीमंत, म्हणून तेथे हे प्रश्न झाकले जातात. अन्य खेळांत ते उघडे पडतात. प्रो कबड्डी लीग २०१४ मध्ये आनंद महिंद्र आणि चारू शर्मा यांच्या मशाल स्पोर्ट्स या कंपनीने सुरू केली. पुढच्या वर्षी स्टार समूहाने तिचा ७४ टक्के हिस्सा घेतला. म्हणजे जो सामने दाखवतो, तोच लीगचा मोठा मालक. या लीगने मातीतल्या खेळाला मॅट आणि मानधन दिले. पहिल्या लिलावात राकेश कुमारला मिळालेले १२ लाख ८० हजार सर्वाधिक होते. २०२३ मध्ये पवन सेहरावतवर २ कोटी ६० लाखांहून अधिक बोली लागली. यू मुंबाने २०१५ मध्ये आणि पुणेरी पलटणने २०२४ मध्ये विजेतेपद मिळवल्याने महाराष्ट्राला तिचे कौतुकही आहे. परंतु कबड्डीच्या राष्ट्रीय महासंघाचा कारभार २०१८ पासून प्रदीर्घ काळ न्यायालयनियुक्त प्रशासकाच्या हाती राहिला. लीग सुदृढ आणि महासंघ पंगू, अशा स्थितीत खेळाडूने दाद मागावी तर कोणाकडे?

फुटबॉलमध्ये तर लीगच बंद पडण्याची वेळ आली. २०१० मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने आपले व्यापारी हक्क १५ वर्षांसाठी खासगी कंपनीला दिले होते. डिसेंबर २०२५ मध्ये संपणाऱ्या या कराराचे नूतनीकरण होईना, म्हणून जुलै २०२५ मध्ये इंडियन सुपर लीगचा हंगाम स्थगित असल्याचे क्लबांना कळवण्यात आले. ऑगस्टमध्ये बेंगळुरूसह काही क्लबांनी खेळाडूंचे वेतन थांबवले. महासंघाने निविदा काढली, तर एकही बोली आली नाही. मुंबई सिटी, एफसी गोवा यांसारख्या संघांचे खेळाडू मैदानाबाहेर बसून राहिले. सुनील छेत्रीसह नामवंतांनी आंतरराष्ट्रीय महासंघाला साकडे घातले. अखेर जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी १४ फेब्रुवारीपासून लीग घेण्याचे जाहीर केले. करार दोघांचा होता, तो संपला. पगार मात्र तिसऱ्याचा थांबला.

खानदेशाचा संबंध

हे सारे महानगरांचे प्रश्न आहेत, सावद्या-यावलच्या मुलांचा त्यांच्याशी काय संबंध, असे कोणास वाटेल. संबंध आहे, कारण लीगचे हे प्रारूप आता राज्य पातळीवर उतरले आहे. महाराष्ट्र क्रिकेट संघटनेने २०२३ मध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू केली. पुणे, नाशिक, कोल्हापूर, सोलापूर, रत्नागिरी व छत्रपती संभाजीनगर या सहा संघांचे हक्क तीन वर्षांसाठी ५७ कोटींहून अधिक रकमेला गेले. पहिल्या लिलावात प्रत्येक संघाला खेळाडूंवर खर्च करण्यासाठी २० लाखांची मर्यादा होती आणि सर्वांत महागडा खेळाडू नौशाद शेख सहा लाखांचा ठरला. सहा संघ मिळून खेळाडूंवर एका हंगामात फार तर १ कोटी २० लाख! जळगाव-धुळ्याच्या नावाचा संघ त्या पहिल्या सहांत नव्हता. येथील मुलाला दुसऱ्या जिल्ह्याच्या गणवेशात जागा शोधावी लागते. अशा मुलाच्या हाती जे करारपत्र पडते, त्यातील अटींवर वाटाघाट करण्याचे बळ त्याच्यात नसते. दुखापत झाली तर उपचार कोणाचे, संघ बंद पडला तर थकबाकी कोणाकडे मागायची, हे प्रश्न सही करताना त्याला सुचतही नाहीत. गरज असते ती सही करण्यापूर्वी सल्ला देणाऱ्या संघटनेची.

चौथी खुर्ची नव्हे, तिसरी

लोढा समितीच्या शिफारशींतून २०१९ मध्ये भारतीय क्रिकेटपटूंची संघटना स्थापन झाली. तिचा प्रतिनिधी आयपीएलच्या नियामक परिषदेवर बसतो. परंतु या संघटनेत प्रवेश आहे तो निवृत्त खेळाडूंना. ज्याचे मानधन, दुखापत आणि करार पणाला लागलेला आहे, त्या आजच्या खेळाडूची संघटनाच नाही. जगातील क्रिकेटपटू संघटनांच्या महासंघात भारताची जागा रिकामी आहे. कारणही स्पष्ट आहे. निवड ज्यांच्या हाती, त्यांच्याशी भाव करायला पुढे कोण येणार?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा संमत केला. महासंघांच्या कार्यकारिणीत खेळाडूंना स्थान, खेळाडू समित्या आणि वादांसाठी राष्ट्रीय क्रीडा न्यायाधिकरण यांची त्यात तरतूद आहे. कायद्याचे स्वागतच करावयास हवे. मात्र महासंघाच्या कार्यकारिणीत मान मिळणे वेगळे आणि लीगच्या करारावर वाटाघाट करण्याचा अधिकार मिळणे वेगळे. दुसरी गोष्ट साध्य होण्यासाठी तीन साध्या उपायांची आवश्यकता आहे. मंडळ, मालक आणि खेळाडू यांच्या वादांसाठी तिघांपासूनही स्वतंत्र असा लवाद हवा. प्रत्येक संघाने हंगामापूर्वीच मानधनाएवढी रक्कम अशा खात्यात ठेवावी, की संघ बुडाला तरी खेळाडूचा पैसा बुडणार नाही. आणि मानधनाची मर्यादा ठरवणाऱ्या बैठकीत खेळणाऱ्यांचा निवडलेला प्रतिनिधी असावा.

यापैकी कोणत्याही उपायाने लीगचे दिवाळे निघणार नाही. संघमालकांनी पैसा लावला, मंडळाने व्यवस्था उभारली, हे खरेच. पण संध्याकाळी दिवे लागल्यावर तिकीट काढून आलेला प्रेक्षक मालकाला किंवा पदाधिकाऱ्याला पाहायला आलेला नसतो. ज्याला पाहण्यासाठी तो येतो, त्याच्याविषयीचे निर्णय त्याच्या गैरहजेरीत होऊ नयेत, एवढी मागणी अवाजवी म्हणता येणार नाही.